मन्नूबियाच्या पायाची दोरी

कैरवान शहराच्या त्या गल्लीत गालिचा विणण्यात आणि पोर निजवण्यात मन्नूबियाचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन्ही कामं ती एकदमच करी. टांगलेल्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाय हलता ठेवायचा आणि हातांनी मागावर गाठी मारायच्या. आपल्याशिवाय नातू झोपूच शकत नाही, हे ती येत्याजात्याला ऐकवी.

पण तिची कंबर गेली होती आणि सात महिन्यांचा इयाद आता रांगायला बघत होता. सून हाजर ही नर्स, तिची रजा संपत आलेली. शिशुगृह बघून आली ती तोंड पाडूनच.

"उम्मी, शिशुगृहाच्या सिहामबाई म्हणतात, बाळ आपलं आपण झोपायला हवं. झोका नाही, मांडी नाही. गुरुवारी बघणार, नाहीतर जागा दुसऱ्याला. मग माझी नोकरीही गेलीच समजा."

"एवढंच ना? शिकवते की!"

मन्नूबियाने दोरी सोडली, पाळणा उतरवला, पोराला गादीवर ठेवलं आणि पाठ फिरवून विणायला बसली. पोर तासभर रडलं. तिचा मोकळा अंगठा आपला हलतच होता. चौथ्या दुपारी मात्र इयाद दहा मिनिटं कुरकुरून गाढ झोपला. सगळ्या गल्लीला बातमी गेली.

गुरुवारी त्याने शिशुगृह डोक्यावर घेतलं. सिहामबाईंनी पोर परत दिलं आणि सोमवारची शेवटची संधी दिली.

घरी आल्यावर मन्नूबियाने राग मागावर काढला. गाठी बसवायची लोखंडी फणी ती धाडधाड आपटू लागली. हाजरच्या खांद्यावर इयादची मान कलंडली.

"उम्मी, थांबा जरा."

फणी थांबली. पोराने डोळे उघडले.

"आता आपटा."

पोर पेंगलं. दोघींच्या ध्यानात आलं. पाळणा सुटला होता, पण झोप लागत होती ती त्या धडधडीवर. जन्मल्यापासून कानावर तेच, मग मागवाल्यांच्या घरात ते वेगळं कुणाला ऐकू येणार?

त्या दुपारपासून माग गप्प. मन्नूबिया हात मांडीखाली दाबून बसली. आत पोर आकांत करत होतं. तेवढ्यात शेजारची शादलिया डोक्यावर काळी ओढणी घेऊन धापा टाकत आली.

"माग बंद! कोण गं गेलं?"

"कुणी नाही मेलं. हळू बोल."

"मग पोर का रडतंय?"

"शिकतंय."

"रडायला? ते तर येतंच होतं!"

मन्नूबियाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. तीन दिवस तिला ना जेवण गोड लागलं, ना एका जागी बसवलं.

सोमवारी हाजर इयादला सोडून कामावर गेली. दुपारी मन्नूबिया शिशुगृहाच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. आतून त्याचं रडणं आलं. तिने गज घट्ट धरले. आत शिरावं, पोर उचलावं आणि खड्ड्यात जाऊ दे ती नोकरी, असं तिला वाटलं. ती हलली नाही. रडणं मंदावलं, तुटलं, थांबलं.

सिहामबाई दारात आल्या. "झोपला हो. कुणी हातसुद्धा लावला नाही."

"मीच शिकवलंय," मन्नूबिया ताठ मानेने म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडू लागली. त्या रडण्यानेही आतलं पोर जागं झालं नाही.