खुनी कोण

केलीव्हिलला आमच्या शेजारचे ऑस्ट्रेलियन आजोबा रोज दुपारी गॅरेजमध्ये खुनाच्या तपासाची जुनी नभोनाट्यं लावून बसतात. स्वतःही त्यातल्या डिटेक्टिव्हसारखं घोगरं, तुटक बोलतात. "कचऱ्याची बिन बाहेर काढ, मेट. उद्या गाडी येतेय."

खुनी कळायच्या जरा आधी मात्र ते टेप थांबवतात आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतात. तिथून त्यांची बायको खुन्याचं नाव सांगायची. ती आता नाही.

परवा, स्वतः डॉक्टर असून, मीच कुंपणावरून म्हणालो, "डॉक्टरने मारलं."

"चूक," ते म्हणाले. "तीही दर वेळी डॉक्टरच म्हणायची."

मग टेप मागे नेऊन त्यांनी पुन्हा तिथेच थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरनेच," मी म्हणालो.