दारूचा कडता

माझे सासरे अकोल्यातल्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, एक मूठ काढून गालाला लावायचे आणि सांगायचे, ओल आहे. मग त्या ओलीपायी ठरावीक वजन कापलं जायचं. त्याला कडता म्हणत. त्यांचा गाल चुकला असं कुणी कधी म्हणालं नाही. चुकला तो एकदाच, स्वतःच्या बाबतीत, आणि त्या चुकीत मीही त्यांना साथ दिली.

मी कोकणातली. चौथी होऊन शाळा सुटली. काका टपाल खात्यात बदलून अकोल्याला गेले होते, त्यांनी हे स्थळ जमवलं. आले तेव्हा इथलं साधं बोलणंही मला भांडणासारखं वाटायचं. यजमान रेल्वेत, मूर्तिजापूरला. शनिवारी घरी यायचे. पहिल्याच उन्हाळ्यात मला ताप आला आणि भाकरी घशाखाली उतरेना. तेव्हा मामाजी, म्हणजे सासरे, भर दुपारी जठारपेठेत जाऊन तांदूळ घेऊन आले आणि स्वतः चुलीपाशी बसले. "सांग कशी करू तुही पेज," म्हणाले. सासऱ्यानं सुनेसाठी चूल फुंकलेली त्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. बायका महिनाभर हसत होत्या. मी मात्र त्या दिवसापासून त्या माणसासाठी काहीही केलं असतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पोती उचलून उचलून मामाजींना अंतर्गळ झाला. जांघेत लिंबाएवढी गाठ यायची, आडवं पडून हातानं आत ढकलावी लागायची. अमरावतीच्या डॉक्टरांना दाखवायला आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आणि मी बरोबर गेलो.

डॉक्टर म्हणाले, "पोट फार सुटलंय. आत्ता कापलं तर टाके धरणार नाहीत. पंधरा किलो उतरवून या. पण वेळ काढू नका. आतडं त्या भोकात अडकलं तर जिवावर बेतेल." मग विचारलं, "दारू वगैरे?"

"नाही जी," मामाजी म्हणाले. "दारूबंदी हाय न."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मी फरशीकडे बघत राहिले. दारूबंदी होतीच, पण अचलपूरच्या एसटीतून एक म्हातारी गोडेतेलाच्या डब्यात मोहाची घेऊन यायची. मामाजी दिवेलागणीला ओसरीत बसून दोन पेले घ्यायचे, बरोबर मूठभर फुटाणे. आरडाओरडा नाही, शिवी नाही. घरात त्याची चर्चाच होत नसे.

स्वयंपाक माझ्याकडे होता, त्यामुळे पंधरा किलोही माझ्याकडे आले. दोन भाकऱ्यांची एक केली. वरणात पाणी वाढवलं, ठेच्यावरचं तेल बंद, गोड बंद. दर रविवारी मामाजी जिनातल्या काट्यावर उभे राहायचे. किलो नवेच आले होते, तरी तो आकडा घरात सगळ्यांना पाठ झाला. दोन महिन्यांत एक किलो उतरला.

आत्याबाई एका दुपारी मला म्हणाल्या, "काहून वं पोरी, तू त्यायले चोरून खाऊ घालून राहिली का?"

"नाही हो, आत्याबाई."

"मंग हे पोट काय हवेवर वाढते? तुमी कोकणातले लोक लय मऊ. म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं की तुही वाटी भरली."

मला रडू आलं. पण रडता रडताही डोक्यात एकच होतं, की खरंच, वजन येतं कुठून? दुसऱ्या दिवशी मी मामाजींसमोर बसले आणि सकाळपासून तोंडात काय काय जातं ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. जिनातला चहा सांगितला, मुकादमाच्या डब्यातलं अर्धं वांगंही सांगितलं. दारू सांगितली नाही.

मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, आणि ती?"

"कोन ती? अवं, ते काय खानं हाय? ते ओल हाय. ओल उडून जाते. हात कर."

त्यांनी माझ्या तळहातावर चार थेंब टाकले. गार लागलं आणि बघता बघता हात कोरडा. "पायलं? ह्याले कडता लावाचा. वजनात धराचं नाही."

मला ते पटलं. पटायला माझ्याकडे आणखी एक कारण होतं. आमच्या गावात माडी पिणारे जेवढे मला आठवत होते, ते सगळे काटकुळे. माझे वडीलही त्यांतलेच; शेवटी शेवटी त्यांच्या बरगड्या मोजता यायच्या. पिणारा वाळतो, हे मी घरातच पाहिलेलं. मग मामाजीच का वाळत नाहीत? मला वाटलं, ते वरून जेवतात म्हणून. मीच म्हणाले, "मग रात्रीची भाकरी बंद करू या. त्याजागी हवं तर एक पेला जास्त घ्या."

"शायनी हाय माही सून!" मामाजी खूश झाले.

महिन्याभरात वजन तीन किलो वाढलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी गाठ आत जाईना. मामाजी जमिनीवर पडून घामाघूम झाले, ओठ पांढरे. शेजाऱ्यांच्या टांग्यात घालून आम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय उंच करून हळूहळू ती गाठ आत बसवली. "ह्या वेळी जमलं," म्हणाले, "दर वेळी जमेल असं नाही."

मी बाहेर बाकावर बसले होते. समोर कंपाउंडर सुया उकळत होता. लहानसा दिवा, निळी ज्योत, धूर नाही. घाबरलेलं माणूस नको तिथे बघत बसतं, तशी मी त्या ज्योतीकडे बघत होते.

"ह्यात रॉकेल आहे का हो?"

"नाई बाई, स्पिरिट. दारूचीच बहीण. तुमची मोहाची पहिल्या धारेची असली न, तेबी अशीच जळते."

घरी आल्यावर मी फुटक्या कौलावर त्या डब्यातली थोडी ओतली आणि काडी लावली. ज्योत दिसेना, आधी वाटलं काहीच झालं नाही. मग वर हात धरला आणि पोळला. पळीत पाणी घेऊन त्यावर धरलं, तर पाणी चांगलं कोमट झालं. जे जळतं ते सरपण. आणि चुलीत एक सरपण जळत असेल तर दुसऱ्याला कोण हात लावतो? पोटावरची चरबी तशीच रचून राहणार. चौथी शिकलेल्या माझ्या डोक्यात हे असं आलं, आणि बरोबर की चूक ते विचारायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ओसरीत मामाजींसमोर पुन्हा कौल ठेवलं. काडी लावली आणि म्हटलं, "मामाजी, हात धरा वर."

त्यांनी धरला. बराच वेळ धरला. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे तर लाकूड हाय," मामाजी म्हणाले. "मी ओल समजून कापत होतो."

"चाळीस वर्सं काट्यावर हाय म्हने," आत्याबाई म्हणाल्या, "अन् सोताचं माप येत नाही."

डबा त्याच संध्याकाळी मोरीत ओतला गेला. पुढचे आठ दिवस वाईट गेले. मामाजींचे हात थरथरायचे, झोप नव्हती, एकदा ताट भिरकावून दिलं. मी ते उचललं. मला त्यांच्या रागापेक्षा त्या गाठीची भीती जास्त होती. फुटाणेही आपोआप सुटले, कारण पेल्याशिवाय त्यांना ते आठवायचेच नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी रात्रीची भाकरी मागितली. मी घाबरत दिली. रविवारी काट्यावर दीड किलो कमी.

दिवाळीपर्यंत बारा किलो उतरले. अमरावतीला डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, चालेल. ह्या वेळी मामाजींनी दारूचं सगळं सांगितलं. कौलाचंही सांगितलं. डॉक्टर हसले, माझ्याकडे वळून म्हणाले, "जवळपास बरोबर आहे तुमचं."

मी धीर करून विचारलं, की मग माझे वडील का वाळले?

"जेवत होते का?"

मला आठवेना. मग आठवलं, आई ताट झाकून ठेवायची आणि सकाळी ते तसंच असायचं.

"ते जेवणाच्या जागी पीत होते. चरबी नाही गेली त्यांची, अंगातलं मांस गेलं. त्याला वजन उतरणं म्हणत नाहीत."

त्या उत्तराचा मी अजून विचार करते. मामाजींची रात्रीची भाकरी बंद करून मी त्यांना त्याच वाटेवर लावलं होतं, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

शस्त्रक्रियेला दीड तास लागला. आत्याबाई बाकाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. नर्सबाई येऊन म्हणाल्या, टाके नीट बसलेत. आत्याबाई सरकत सरकत माझ्याजवळ आल्या, पदराच्या गाठीतली खारीक काढली, दातांनी तोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

संध्याकाळी मामाजींनी डोळे उघडले. दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि विचारलं, "जेवाले काय हाय?"

त्यांना अजून पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.