बाबांनी मला ट्रॅक्टर शिकवला

बारावीच्या वर्षी, दिवाळीच्या सुमारास, मी स्वतःला इजा करून घेतली. जखम भरली, पण मी मोरीत गेले तरी आई दाराबाहेर उभी राही. घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत.

दर बुधवारी बाबा मला आमच्या कामठा गावाहून मोटारसायकलवर गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशनाला नेत. वाटेत आम्ही एक शब्द बोलत नसू. तिथल्या समुपदेशक ताईंनी 'असं का केलंस?' असं पहिल्या दिवशी विचारलंच नाही. झोप लागते का, एवढंच विचारलं. मग हळूहळू मीच सांगू लागले. मन फारच भरून आलं तर कोणाला सांगायचं, हे आम्ही दोघींनी एका कागदावर लिहिलं. बाबांचं नाव लिहायला मला तीन बुधवार लागले.

मग ताईंनी बाबांना आत बोलावलं आणि मला विचारलं, "तुला काय करावंसं वाटतं?"

"ट्रॅक्टर चालवावासा वाटते."

बाबा म्हणाले, "पोरीले ट्रॅक्टर कायले?"

"काका, इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलंय," ताई म्हणाल्या.

परतताना रेल्वे फाटकापाशी बाबा अचानक बोलले, "क्लच दाबाचा जोर आहे का पायात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या धान कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मी स्टिअरिंगवर बसले. बाबा शेजारी मडगार्डवर. ट्रॅक्टरनं हिसका मारला आणि सरळ खाचराच्या कडेच्या उंच धुऱ्यावर चढला. काकूनं तिथं लावलेल्या तुरीची चार झाडं आडवी.

"ब्रेक दाब वो! डोये फुटले का तुये? कुठं पाहून राहिली?" बाबा अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले.

दोन महिन्यांत मला कोणी रागावलंच नव्हतं. मला इतकं हसू आलं की पाय ब्रेकवरच थरथरू लागला. मग बाबाही हसायला लागले. बाबांचा आवाज ऐकून आई धावत आली. "काऊन हसून राहिले दोघंही?" म्हणता म्हणता तीही खाली धुऱ्यावर बसून हसली.

वाईट दिवस नंतरही आले. तेव्हा मी बाबांना सांगायची. ते हातातलं काम टाकून शेजारी बसत.

यंदा आमच्या पाचही बांध्यांची रोवणीआधीची चिखलणी ट्रॅक्टरनं मीच केली. घरी आले तेव्हा केसांपर्यंत चिखल होता. आई अंघोळ कर म्हणत होती, पण मी तशीच अंगणात बसून तीनदा भात मागून घेतला.