फुमिएचं न्हाणीघर

फुमिए कुसाकाचं बालपण ओसाकातल्या घरच्याच सार्वजनिक न्हाणीघरात गेलं. आई दारातल्या उंच गल्ल्यावर बसायची आणि फुमिए खाली पालथी पडून गिऱ्हाइकांची चित्रं काढायची. टकलावर टॉवेल ठेवून बसलेले आजोबा, साबणावरून घसरणारी पोरं, गरम पाण्यात पाय घालताच किंचाळणारे धटिंगण. पोरगी मोठी चित्रकार होणार, असं आईच्या मनात पक्कं होतं. पोरगी निघाली व्हिडिओ गेमच्या कंपनीत.

"पडद्यावर ठिपके भरायचा पगार देतात?" आईने विचारलं.

देत होते. पण ठिपके दुसऱ्यांचे. कित्येक वर्षं फुमिएने इतरांच्या गेममधली विमानं, राक्षस आणि स्फोट रंगवले. स्फोट तर असे देखणे काढायची, की तेच तिच्या गळ्यात पडले. शेवटी विभागप्रमुख नागासे-सान यांच्यामागे भुणभुण लावून ती स्वतःची कल्पना घेऊन उभी राहिली. ओली फरशी, सांडलेला साबण, हातात घमेलं घेतलेला एक पोरगा. सगळ्यांना चुकवत त्याने शेवटच्या गरम टाकीत उडी मारायची.

"कुसाका-सान, यात मारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही. आंघोळ करायची."

"आंघोळ काय, हल्ली लोक घरीसुद्धा करतात."

"म्हणून तर आमच्या धंद्याचं वाटोळं झालं ना, साहेब!"

नागासे-सान हसले आणि तिथेच फसले. गेम मंजूर झाला.

नवा गेम विकायला काढण्याआधी त्याचं एकच यंत्र बाजारपेठेतल्या गेम सेंटरमध्ये ठेवायचं आणि लोक काय करतात ते बघायचं, ही या धंद्यातली रीत. गेम बनवणाऱ्याने लांब उभं राहायचं, ओळख द्यायची नाही आणि तोंड उघडायचं नाही. फुमिए शीतपेयांच्या यंत्रामागे दडून बसली. एक कॉलेजकुमार आला, घसरला, पुन्हा घसरला आणि शेजारच्या विमानांच्या गेमकडे वळला. दुसऱ्याने यंत्राला लाथ घातली. "जपून, डावीकडे!" असं ओरडावंसं वाटून फुमिएने ओठ चावले. संध्याकाळी यंत्रापुढे चिटपाखरूही नव्हतं.

"पुढच्या रविवारी आणखी एकदा लावू," नागासे-सान म्हणाले. "रांग लागली तर ठीक. नाहीतर गाशा गुंडाळू. तू आपली स्फोट रंगव."

सोमवारी ती तोंड पाडून कचेरीत आली. प्रोग्रॅमर दोई जेवत होता. टेबलावरच्या वाडग्याला तोंड लावून शेवया ओरपत, दोन्ही हातांनी तोच गेम खेळत होता. पडद्याकडे पाहत नव्हता, तरी पोरगा टुणटुण उड्या मारत टाकीत पोचला.

"दोई-सान, तुम्हाला सोपा वाटतो हा?"

"अगदी पोरखेळ! मी तर परवाच म्हटलं, अजून थोडा साबण सांडू या."

फुमिएने कपाळावर हात मारला. महिनोन्‌महिने रोज खेळून ते सगळे तरबेज झाले होते, आणि कंटाळा आला की गेम अवघड करत सुटले होते. शेवया खाणाऱ्या दोईसाठी बनवलेला गेम त्यांनी बिचाऱ्या लोकांपुढे ठेवला होता.

"आतापासून हात उलटे करून खेळायचं," ती म्हणाली. "उजव्याचं काम डाव्याने, डाव्याचं उजव्याने."

"तू शुद्धीवर आहेस का?"

पण दोई बसला. पहिल्याच साबणावर असा आपटला, की अख्खी कचेरी खो खो हसली. मग आठवडाभर उलट्या हातांनी आपटत, कुरकुरत त्यांनी साबण पुसला, फरशी रुंद केली, पहिली टाकी अगदी दाराशी आणली. पुढे फुमिएचे कितीतरी गेम गाजले, ती स्वतः विभागप्रमुख झाली, तरी तिच्या हाताखालच्यांना नवा गेम आधी उलट्या हातांनीच खेळावा लागे. शिव्या घालत खेळत बिचारे.

त्या रविवारी फुमिए जरा उशिराच पोचली. सेंटरमध्ये गर्दी होती. नेमकं काय चाललंय ते दिसेना, म्हणून ती पुढे घुसली. तोच पातीच्या कांद्याची पिशवी घेतलेल्या एका जाडजूड बाईंनी तिचं मनगट धरलं.

"ए बये, रांग दिसत नाही का? मागे जा. मी दुसऱ्यांदा उभी राहिलेय!"

फुमिए मागे गेली. रांग दारापर्यंत होती. थोड्या वेळाने तिच्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. नागासे-सान! हसू दाबून दाबून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"शू! ओळख द्यायची नाही."

फुमिएची पाळी आली तेव्हा त्या बाईंचं खेळून झालं होतं, पण त्या पिशवी सांभाळत बाजूलाच रेंगाळल्या होत्या. फुमिएने यंत्राचा दांडा धरला, पण डोळे असे भरून आले की समोरची फरशीही दिसेना. तिचा पोरगा पहिल्याच साबणावरून घसरला.

"अगं, त्यात रडायचं काय?" बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्यांदा सगळेच घसरतात. सरक, मी दाखवते."