गुरुजींचा एकच टेक

ढुंढिराज गुरुजी रामकुंडावर रोज पिंडदानाचे विधी सांगतात. मुलाच्या, विश्वेशच्या, कॉलेजच्या लघुपटातही त्यांनी तेच केलं. अभिनय करा म्हटल्यावर रागावले, दुसरा टेक मागितल्यावर उठून गेले.

पाच वाजता स्पर्धेची मुदत संपणार होती. चार वाजून गेल्यावर एडिटिंगला बसलेल्या वल्लरीने हेडफोन काढला.

"फिल्ममधली मेलेली आई सुमन आहे ना? गुरुजी मालिनी म्हणतायत."

विश्वेशने घाईघाईने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाबा, नाव चुकलंत तुम्ही!"

"चुकलो नाही. तुमची सुमन झालेली बाई समोर चहा पीत बसली होती. जिवंत बाईच्या नावाने पिंड कसा सांगू? मांडलेला पिंड तसाच ठेवायचाही नसतो. तुझ्या आईचं नाव घेतलं."

फोन बंद झाला. वल्लरीने माउस हातात घेतला.

"नाव म्यूट करू? वर घंटा टाकते."

विश्वेशने तो टेक पुन्हा लावला. घड्याळाला तेवढी उसंत नव्हती.

"विश्वेश, बोल लवकर!"

"सुमन आणखी कुठे येतं?"

"निवेदनात, दोनदा. तुझ्याच आवाजात."

"माइक लाव," तो म्हणाला. "दोन्हीकडे मालिनी म्हणतो."