आगबोटीच्या फोटोला घातलेला हार

भूतबाधा, शकुन-अपशकुन... मी कधीच मानलं नाही. डहाणू स्टेशनजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. रोज दोन-तीन मेलेल्यांना कम्प्युटरवर कोट-टाय घालून देणारा माणूस मी, घाबरून कसं चालेल?

आमचं घर वरोरला. धाकटा भाऊ सुरेश मासेमारीला जायचा. मागच्या वर्षी जुन्या पेटीत एक फोटो सापडला — आमच्याच किनाऱ्यासमोरच्या खडकांवर रुतलेली मालवाहू आगबोट आणि अलीकडे काठावर बघत उभा असलेला गाव. त्यात आमचे पणजोबा होते म्हणे. मी फोटो स्कॅन करून मोठा प्रिंट काढला, फ्रेम करून ओटीवर लावला.

सर्वपित्रीला हार घातला आणि दिसलं — खडकाच्या टोकाला एकटाच एकजण. डावा हात कमरेवर, मान तिरकी. हुबेहूब सुरेश. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं, सगळे हसले. तो नाही हसला.

"दादा, हार काढ. जिवंत माणसाला हार घालतात का?"

"राहू दे रे, आयुष्य वाढेल तुझं."

ज्याने घातला त्यानेच काढायचा, ही आमच्या घरची रीत. पुढे दोनदा त्याने विनवलं. मी मुद्दाम नाही काढला. उलट फॅमिली ग्रुपवर हारासकट त्या फ्रेमचा फोटो टाकून त्याची आणखी थट्टा केली. चिडवायची खोडच मला, हलकट खोड.

पाचव्या दिवशी भरदुपारी त्याची होडी त्याच खडकांवर फुटली. बरोबरचे दोघे पोहत आले. सुरेश टोकाला अडकला. भरती चढत होती, लाटांपुढे कोणाची बोट जवळ जाईना. अख्खा गाव किनाऱ्यावर उभा राहून बघत होता, मीही. तो डावा हात कमरेवर ठेवून, मान तिरकी करून आमच्याकडे बघत राहिला... पाणी डोक्यावरून जाईपर्यंत. प्रेत मिळालं नाही.

नंतर मी मूळ फोटो भिंगाखाली धरला. खडकाच्या टोकाला कोणी नाही. स्कॅन उघडला, त्यातही नाही. फक्त ओटीवरच्या प्रिंटमध्ये तो आहे — त्याच स्कॅनवरून मी माझ्या हाताने काढलेल्या. छपाईतला दोष म्हणावा, तर दोष असा कमरेवर हात ठेवून उभा राहत नाही. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

बाराव्याला मी सुरेशचा फोटो फ्रेम करून नेला. हार घालायला गेलो, तर आईने माझा हात धरला. रडली नाही, ओरडली नाही.

"त्याला घातलास ना एकदा? आता परत कशाला?"