सलाईन लावली कोणी?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तरतरीसाठी घ्यायच्या सलाईनवर तर त्याहून कमी. आधीच सांगून ठेवते, म्हणजे "काकू, आपण हळव्या आहात" असं खाली कोणी लिहायला नको.

वारज्याला आमच्या सोसायटीसमोर एक वेलनेस क्लिनिक निघालंय. धडधाकट माणसांनी आरामखुर्चीत पडून व्हिटॅमिनची सलाईन घ्यायची, की म्हणे चेहऱ्यावर तेज येतं. लेकीने मला वाढदिवसाला दोन सेशन्स भेट दिली. "आई, तू नुसती जाऊन पड गं." गेले.

माझी आई खडकीला एका दवाखान्यात नर्स होती. शीर सापडेना की पेशंटला सांगायची, "चिमणी लपलीय, थांबा." मग त्याच्या हातावर आपला तळवा ठेवून ऊब द्यायची. तिला जाऊन खूप वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे, पण आवाज मला आठवेनासा झाला होता. कितीदा डोळे मिटून प्रयत्न केला... शब्द यायचे, आवाज नाही. फार वाईट वाटायचं.

तर त्या दुपारी क्लिनिकमधल्या सिस्टरला माझी शीर काही मिळेना. दोनदा टोचून झालं. "काकू, पाणी कमी पिता वाटतं. शेकायची पिशवी आणते," म्हणत ती आत गेली. मी डोळे मिटले. हातावर एक ऊबदार, जरासा खरखरीत तळवा आला आणि कानाशी कोणी म्हणालं, "सुमे, चिमणी लपलीय. थांब हं."

तोच आवाज – किंचित बसका, "हं" लांबवणारा. मी मुद्दामच डोळे उघडले नाहीत.

"अहो काकू, ही लावली कोणी?" सिस्टर पिशवी घेऊन समोर उभी. सलाईन थेंब थेंब चालू होती. चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं – काढताना पटकन धरता यावं म्हणून आई तसंच दुमडायची. बिचारी सिस्टर घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी सगळं तपासलं, तिलाच विसराळू ठरवलं आणि मोकळे झाले.

संध्याकाळभर तो आवाज कानात होता. लेकीने फोनवर विचारलं, "फ्रेश वाटलं?" म्हटलं, "फार." सकाळी उठले तर शब्द होते, आवाज गेला होता.

त्या दिवशी काय घडलं, याचा उलगडा मला आजही होत नाही. पुढच्या सेशनला मी काय केलं, ते मात्र सांगते. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. शीर लपायला हवी होती ना... खुर्चीत पडले, डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"काकू, आज पहिल्याच फटक्यात सापडली बघा," सिस्टर खुशीत म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "दुखलं का हो?"

"नाही गं," मी म्हटलं, "अजिबात नाही दुखलं."